एकच कंपनी, तीन पदं, बायोडेटात कसं लिहू?

प्रश्न: चाकणला एकाच कंपनीत २०१६ पासून आहे, आधी ट्रेनी, मग स्टोअर, आता परचेस. तीन वेगळ्या नोकऱ्या दाखवू का?

उत्तर: अहो नका, वरवर वाचणाऱ्याला वाटतं हा सारखी नोकरी बदलतो. कंपनीचं नाव एकदाच, शेजारी २०१६ ते आजपर्यंत, आणि खाली तिन्ही पदं, आत्ताचं सगळ्यात वर, प्रत्येकापुढे महिना-वर्ष. परचेसला चार-पाच ओळी द्या, ट्रेनीला एक पुरे. आणि प्रमोशन झालं असेल तर तो शब्द लिहाच, लोक नेमकं हेच विसरतात, स्टोअरमधून परचेसला घेतलं म्हणजे वरच्यांनी तुमचं काम बघितलंय ना! तारखा मात्र जुनी लेटरं काढून बघूनच टाका, पडताळणीत पीएफची जॉइनिंग तारीखही बघितली जाऊ शकते.