एलिव्हेटर गेला तरी विमान हातात असतं

पुण्याहून बारामतीला ट्रेनिंगला जातोयस ना, मग सुरुवातीला एवढंच पक्कं कर. सेसना १७२ या छोट्या विमानात एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) केबल तुटली, योक (पायलटच्या हातातलं स्टिअरिंग) ओढूनही नाक ढिम्म हललं नाही, तरी ट्रिमचं चाक (एलिव्हेटरवरची छोटी पट्टी हलवणारं) आणि थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा) उरतात. चाक बोटभर फिरव, थांब, नाक कुठे जातंय ते बघ.

- लँडिंगचा वेग आधी उंचीवरच धरून बघ.
- लांब धावपट्टी निवड, फ्लॅप (कमी वेगासाठी पंखांमागे उतरवायच्या फळ्या) जपून.
- एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांच्या टोकाकडच्या फळ्या) गेले तर रडरने (शेपटीची उभी फळी) हलकेच वळव.

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे धावपट्टी दिसली की थ्रॉटल खाडकन बंद! नाक लगेच खाली जातं. पॉवर हळूहळू कमी कर. 'मेडे' (रेडिओवरचा संकटाचा संदेश) द्यायला लाजायचं काय त्यात? जाम झालेल्या एलिव्हेटरचं गणित वेगळं, ते नंतर. सराव मात्र इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच.