मोकळीक, मुभा आणि स्वातंत्र्य : फरक क्रियापदात आहे

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. "पुण्यात नोकरी मिळते आहे. घरी विषय काढला तर वडील म्हणाले, 'तुला सगळी मोकळीक दिली आहे की, आणखी काय पाहिजे?' मी म्हणाले, 'मोकळीक नको, स्वातंत्र्य हवं.' म्हणाले खरं, पण फरक काय विचारल्यावर सांगता येईना. तेवढ्यात काकूंनी 'स्वैराचार' हा शब्द काढला. हे शब्द नेमके काय सांगतात? आणि स्वातंत्र्य 'वैयक्तिक' म्हणायचं की 'व्यक्तिगत'?"

ताई, फरक आहे, आणि तुमच्या कानाला तो बरोबर लागला. शब्दकोशात तो पटकन सापडत नाही, कारण तिथे हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणूनच दिलेले असतात. शब्दाशेजारी कोणतं क्रियापद बसतं ते बघा. मोकळीक देतात. मुभा देतात. सूट देतात. या प्रत्येक वाक्यात देणारा कुणीतरी आहे, त्याचं नाव घेतलं नाही तरी आहे. आणि जे दिलं जातं ते काढूनही घेता येतं.

मुभा मूळची अरबी, 'मुबाह'वरून आलेली. इस्लामी धर्मशास्त्रात जे करायची सक्ती नाही आणि मनाईही नाही, ते मुबाह. सूट 'सुटणे'मधली, म्हणून ती दुकानातही मिळते. मोकळीक मात्र मला जवळची वाटते. प्राकृतातल्या 'मोक्कल'वरून मोकळा आणि त्यावरून मोकळीक. मोकळं रान, मोकळे केस, शितं सुटी झालेला मोकळा भात, आईजवळ मोकळं केलेलं मन. तुमच्या वडिलांनी जो शब्द वापरला त्यात माया आहे, तो हिणकस समजू नका. फक्त तुम्ही मागत होता ती वस्तू त्या शब्दात नाही.

'स्वातंत्र्य देणे' असंही आपण बोलतोच. "आमच्याकडे मुलींना पूर्ण स्वातंत्र्य आहे" हे वाक्य किती घरांत ऐकलं असेल! मी ते मुलींच्या तोंडून फार क्वचित ऐकलं आहे. तिथे स्वातंत्र्य हा शब्द मोकळीक या अर्थानेच वापरलेला असतो, नाव फक्त मोठं.

आता 'स्वतंत्र' फोडू. स्व अधिक तंत्र. तंत्र हा 'तन्' म्हणजे ताणणे या धातूपासून झालेला शब्द, आणि संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ माग, मागावर ताणलेला ताणा. सोलापूर विणकरांचं गाव, तिथल्या माणसाला हे ऐकून उठून बसावंसं वाटेल. मला वाटलं होतं.

पाणिनीचं एक सूत्र आहे : 'स्वतन्त्रः कर्ता'. वाक्यातल्या क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. त्यावर पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात शंका काढली आहे. ज्याचं स्वतःचं तंत्र तो स्वतंत्र असं म्हटलं, तर ते विणकरालाच लागू होईल, कारण माग त्याचाच असतो! मग तोच उत्तर देतो. तंत्र शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पसरलेला ताणा, दुसरा प्राधान्य. इथे दुसरा घ्यायचा. स्वतंत्र म्हणजे ज्याच्याकडे प्राधान्य आहे तो.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही शंका वाचताना मला आजोबा दिसतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरात खड्ड्याचा माग होता. पाय खड्ड्यात, हातात धोटा, आणि तो ताण्यातून सरकण्याचा आवाज पहाटेपासून. माग त्यांचा स्वतःचा. पण सूत व्यापाऱ्याचं, काठ कसा काढायचा ते व्यापाऱ्याने ठरवलेलं, मजुरीही त्याने ठरवलेली, शिवाय सणाला घेतलेली उचल डोक्यावर. 'स्व' होतं, 'तंत्र' होतं, तरी स्वतंत्र नव्हते. पतंजलीला हवा असलेला भेद आमच्या ओसरीवर बसून कापड विणत होता.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. व्याकरणात कर्ता एकटा नसतो. "आई चुलीवर पातेल्यात भात शिजवते" या वाक्यात चूल, पातेलं, लाकूड, पाणी सगळ्यांचा हातभार आहे. त्यातलं एक नसलं तर भात होणार नाही. तरीही कर्ता आईच, कारण बाकीची सगळी तिच्या ठरवण्याने कामाला लागतात. म्हणजे स्वतंत्र असणं म्हणजे कुणावर अवलंबून नसणं नव्हे. पुण्यात खोलीच्या डिपॉझिटला वडिलांकडून पैसे घेतले म्हणून तुमचं स्वातंत्र्य गेलं, असं व्याकरण म्हणत नाही. कुठे राहायचं, कोणती नोकरी धरायची, कधी सोडायची हे ठरवणारी तुम्ही असाल तर कर्ता तुम्हीच. आणि स्वतःचा पगार असूनही तो कुठे खर्च करायचा हे दुसरंच कुणी ठरवत असेल, तर तो आजोबांचा माग झाला.

'मुक्त' हा शब्दही पर्याय म्हणून सुचवतात. मुक्त हे 'मुच्'चं कर्मणि रूप, सोडलेला. सोडणारा वेगळा. याचा अर्थ किती खोल जातो हे आपल्या गावाइतकं क्वचितच दुसऱ्या गावाला कळेल. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यायला लावली. ती सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कुंपण गेलं, पण पोलिसांचा संशय गेला नाही, गुन्हा घडला की आधी याच वस्तीचं दार वाजायचं. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही लिहिला जातो. मला तो पत्ता वाचताना दर वेळी थांबायला होतं. तारेतून सुटणं ही एक गोष्ट, आणि आपल्या आयुष्याच्या वाक्यात कर्ता होणं ही दुसरी. पहिली सरकारच्या सहीने झाली, दुसरीसाठी त्या वस्तीतल्या माणसांनी पुढे शिक्षण, लेखन, संघटना यांतून स्वतःच धडपड केली.

काकूंच्या शब्दाकडे येतो. स्वैर म्हणजे स्व अधिक ईर, आपल्या आपण चालणारा. मुळात यात वाईट काही नाही, 'स्वैर अनुवाद' आपण आजही निर्मळ मनाने म्हणतो. छांदोग्य उपनिषदात अश्वपती राजा आपल्या राज्याविषयी सांगतो, 'न स्वैरी, स्वैरिणी कुतः', स्वैर वागणारा पुरुषच नाही तर तशी बाई कुठून असणार? तिथे आधी पुरुष विचारात घेतला आहे. मराठीत 'स्वैरी' रुळलाच नाही, 'स्वैरिणी' मात्र राहिली. आणि शेजारच्या तेलुगू घरात डोकावा. तिथे 'स्वेच्छ' म्हणजे सरळ स्वातंत्र्य, आपल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला ते 'भावप्रकटना स्वेच्छ' म्हणतात. आपण त्याच शब्दाला 'चार' लावून स्वेच्छाचार केला आणि शिवी करून टाकली. काकूंना एवढंच सांगा की पुण्यातली नोकरी हा आचार आहे, त्याला 'स्वैर' लावायला आधी काहीतरी घडायला हवं.

'वैयक्तिक' की 'व्यक्तिगत' याचं थोडक्यात उत्तर : दोन्ही चालतात. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 21 मध्ये 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' आहे. खरी अडचण वेगळी आहे. देशाचं आणि माणसाचं, दोन्ही स्वातंत्र्यांना आपल्याकडे एकच शब्द. सोलापुरात तो उच्चारला की चार हुतात्मा चौक आठवतो, 1930 चा मार्शल लॉ आठवतो, 12 जानेवारी 1931 ला त्या चार हुतात्म्यांना येरवड्यात झालेली फाशी आठवते. एवढा वजनदार शब्द जेवणाच्या ताटाशी काढला की वडिलांना वाटतं, ही आपल्याविरुद्ध लढाच पुकारते आहे. म्हणून तो शब्द घरात फार वापरू नका असा माझा सल्ला आहे. वाक्यं बदला.

"जाऊ का?" हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर दुसऱ्याकडे. "मला जायचं आहे" यात इच्छा आहे, पण 'मला' चतुर्थीत. "मी एक तारखेपासून रुजू होते आहे, खोली बघायला शनिवारी तुम्ही याल का माझ्याबरोबर?" यात कर्ता तुम्ही, आणि वडिलांना शेजारी जागा. आणि निघताना आपण कधी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो, ते तसंच म्हणा.