वाचकांचे प्रश्न : फी, भाडं आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न : महागड्या भागात भाड्याने राहतो. दोघांचे पगार महिनाअखेर संपतात. मुलगी लवकरच चार वर्षांच्या पदवीला जाईल. निवृत्तीची पुंजी मोडावी की कर्ज काढावं?

उत्तर : पुंजीला हात लावू नका, शैक्षणिक कर्ज काढा. बहुतेकांचं गणित चुकतं ते शिक्षण चालू असताना, हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात. समजा कर्ज 10 लाखांचं, व्याज 10 टक्के आणि दर वर्षाच्या सुरुवातीला अडीच लाख उचलले. पहिल्या वर्षी व्याज 25 हजार, चौथ्या वर्षी 1 लाख. सरळव्याजाने चार वर्षांचे अडीच लाख. ते थकवून मुद्दलात मिळवलं, तर 10 वर्षांसाठीचा मासिक हप्ता सुमारे 13,200 वरून 16,500 वर जातो. म्हणजे आज अडीच लाख टाळून पुढे जवळपास चार लाख जादा! पहिल्या वर्षीचं व्याज महिन्याला 2,100 च्या आतच आहे. निदान तेवढं भरत चला. सगळी रक्कम एकदम उचलू नका.

लांबच्या स्वस्त घरात जा, हा सल्ला (फुकटचा असल्याने) सगळेच देतात. भाड्यात वाचणाऱ्या रकमेतून दोघांचा वाढीव प्रवासखर्च आणि सामान हलवण्याचा खर्च वजा करा, उरेल ते प्रवासात जाणाऱ्या जादा तासांनी भागा. भाव तुमच्या तासाच्या कमाईच्या निम्माही येत नसेल, तर आहात तिथेच राहा.

आणि माहितीपत्रकात बहुधा पहिल्या वर्षाचीच फी असते. पुढची वाढ किती, वसतिगृह किती वर्षं मिळेल, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.