‘६४ टक्क्यांत कॅनडाच्या लॉ स्कूलला प्रवेश मिळेल का?’

बी.कॉम.ला सीजीपीएवरून काढलेले ६४ टक्के, दुसऱ्या वर्षी एका विषयात एटीकेटी आणि पदवी तीनच वर्षांची; एवढ्या भांडवलावर कॅनडातील लॉ स्कूल आपला अर्ज विचारात तरी घेईल का, असा प्रश्न घेऊन नाशिकचा एक चोवीस वर्षांचा तरुण वडिलांसह माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. तो एका जीएसटी सल्लागाराच्या कार्यालयात दोन वर्षे काम करीत होता आणि त्याची थोरली बहीण कॅलगरीत स्थायिक झालेली होती. वडिलांचे मत असे, की त्याने आधी इथे तीन वर्षांचे एलएल.बी. करावे, सनद घ्यावी आणि मग बहिणीकडे जावे. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे, कारण अगदी याच शंका घेऊन येणारी कुटुंबे बरीच आहेत.

अशा कुटुंबांच्या बोलण्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. अर्ज करण्याची किमान पात्रता ही एक गोष्ट, उपलब्ध जागांसाठी होणारी निवड ही दुसरी आणि पुढे वकिली करण्याचा परवाना ही तिसरी. ‘मिळेल का’ या एका शब्दप्रयोगात तिन्ही कोंबल्या की उत्तर देणाराही गोंधळतो आणि ऐकणाराही.

किमान पात्रतेपुरते बोलायचे, तर त्याची भीती बरीचशी अनाठायी होती. कॅनडातील ‘जेडी’ हा कायद्याच्या पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.प्रमाणे बारावीनंतर मिळत नाही. त्याआधी पदवीचे शिक्षण झालेले असावे लागते, आणि अनेक लॉ स्कूल त्यासाठी किमान तीन वर्षांचे पूर्णवेळ पदवीशिक्षण मागतात. प्रत्यक्षात प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुतेकांकडे चार वर्षांची पदवी असते, ही बाब मी त्याच्यापासून लपवली नाही, पण केवळ पदवी तीन वर्षांची आहे म्हणून सगळीकडे दार बंद होते असे नाही. पदवी वाणिज्य शाखेची असल्यानेही काही अडत नाही, कारण तिथे ‘प्री-लॉ’ म्हणून ठरावीक विषय सक्तीचे नसतात. क्वेबेक प्रांताची गोष्ट वेगळी. तिथला कायदा फ्रेंच परंपरेतील ‘सिव्हिल लॉ’चा आहे, तिथे शिक्षण बहुतांशी फ्रेंचमध्ये होते आणि तिथल्या मॅकगिल विद्यापीठातही इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा वाचता याव्या लागतात, त्यामुळे ते नाव यादीतून पहिल्याच दिवशी गळले.

टक्क्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. कॅनडातील विद्यापीठात ६४ टक्के म्हणजे साधारण ‘सी’ श्रेणी, हे त्याने कुठेतरी वाचले होते आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. आपल्याकडे साठच्या वर प्रथम श्रेणी मिळते आणि वाणिज्य शाखेत ऐंशीच्या पुढे जाणारे विद्यार्थी मोजकेच असतात, हे तिथल्या मूल्यमापन संस्थांना ठाऊक असते. अनेक लॉ स्कूल परदेशी गुणपत्रिकांसाठी ‘डब्ल्यूईएस’ किंवा तत्सम संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात, आणि त्यात आपले ६४ टक्के तिथल्या ६४ टक्क्यांसारखे मोजले जात नाहीत. मात्र विषयवार या शब्दाकडे मी त्याचे लक्ष वेधले. तिथे एकूण टक्केवारीमागे काही दडत नाही. कोणत्या सत्रात कोणत्या विषयात किती, हे समोर येते. त्याची एटीकेटी सांख्यिकीत होती, पुढच्याच प्रयत्नात सुटली होती आणि शेवटच्या वर्षाचे गुण पहिल्या वर्षापेक्षा स्पष्टपणे वरचे होते. अशा वेळी एटीकेटीबद्दल अर्जात एक वाक्य लिहावे आणि पुढे जावे, असे माझे मत आहे; घरच्या अडचणींचे पानभर वर्णन केल्याने वाचणाऱ्याचे लक्ष नेमके त्याच विषयावर खिळते.

मग आली एलसॅट, म्हणजे तिथल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठीची परीक्षा. ही परीक्षा म्हणजे आपल्याकडची विधी प्रवेश परीक्षा सीएलएटी नव्हे, आणि आपल्याकडे २०२४पर्यंत ‘एलसॅट-इंडिया’ नावाने होणारी परीक्षाही नव्हे. त्या परीक्षेचा जुना गुणांक घेऊन आलेले विद्यार्थीही मी पाहिले आहेत. खऱ्या एलसॅटमध्ये कायद्याचा एकही प्रश्न नसतो. तिचा गुणांक १२० ते १८० या पट्टीवर मिळतो, आणि ऑगस्ट २०२४पासून तिच्यातील ‘लॉजिक गेम्स’चा भाग काढून टाकल्यावर आता युक्तिवादाचे दोन आणि आकलनाचा एक असे तीन विभाग गुणांसाठी धरले जातात, शिवाय लेखनाचा एक स्वतंत्र भाग असतो. परदेशी गुणपत्रिका वाचताना निवड समितीला जी अनिश्चितता वाटते, ती दूर करणारा हा एकमेव समान मापदंड असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याचे वजन वाढते, असा माझा अनुभव आहे.

त्याने पहिल्या सराव परीक्षेत युक्तिवादाच्या विभागात सपाटून मार खाल्ला. चुका पाहिल्या तेव्हा लक्षात आले, की ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘सर्व ब हे अ असणार’ असा उलटा निष्कर्ष तो बिनदिक्कत मान्य करीत होता. तेव्हा मी त्याला त्याच्याच धंद्यातील विधान दिले. उलाढाल मर्यादेपलीकडे गेलेल्या व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. या व्यापाऱ्याकडे नोंदणी आहे. म्हणून त्याची उलाढाल मर्यादेपलीकडे गेलेली आहे. तो ताबडतोब म्हणाला, “असं कसं मॅडम? ऐच्छिक नोंदणी पण घेता येते की.” जी चूक त्याला इंग्रजी परिच्छेदात दिसत नव्हती, ती कामाच्या भाषेत त्याने क्षणात पकडली. त्यानंतर प्रत्येक प्रश्न आधी जीएसटीच्या उदाहरणात बसवून पाहण्याची सवय त्याने लावून घेतली. वेळ सुरुवातीला जास्त लागला, पण पुढे त्या उदाहरणाची गरज उरली नाही.

अर्जासोबत द्यायच्या वैयक्तिक निवेदनाचा त्याचा पहिला मसुदा लहानपणापासून असलेल्या न्यायाच्या ओढीने सुरू होत होता. असे मसुदे मी वाचते आणि परत देते. त्याच्या कार्यालयात एक हार्डवेअर दुकानदार आला होता, ज्याची नोंदणी सलग सहा महिने विवरणपत्रे न भरल्यामुळे रद्द झाली होती. नोटीस पोर्टलवर पडून होती आणि ती पाहायची असते हेच दुकानदाराला माहीत नव्हते. रद्दीकरण मागे घेण्याचा अर्ज या मुलाने तयार केला होता. कायद्याने नोटीस ‘दिली’ असे मानले जाते तेव्हा ती माणसापर्यंत पोहोचलेली असतेच असे नाही, हा प्रश्न त्याला खरोखर छळत होता. निवेदन त्यावरच लिहिले गेले.

शिफारसपत्रांनी मात्र आमचा घाम काढला. किमान एक पत्र शिकवलेल्या प्राध्यापकाचे असावे अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते, आणि शंभरावर मुलांच्या वर्गातील हा मुलगा कोणालाच नीट आठवेना. एका सरांनी लेटरहेडवर ‘विद्यार्थ्याचे चारित्र्य उत्तम असून त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा’ असे दिले. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही, पण निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. अखेर त्याने आपला तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प छापून त्याच सरांकडे नेला, तो पुन्हा वाचल्यावर त्यांना पोरगा आठवला, आणि दुसरे पत्र त्या प्रकल्पाविषयी आले.

दोन वर्षे नोकरी झाली म्हणून ‘मॅच्युअर’ गटातून अर्ज करावा, असे बहिणीने सुचवले होते. तो गट सहसा अनेक वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी असतो, म्हणून त्याने सर्वसाधारण गटातूनच अर्ज करावा असे मी सांगितले.

राहिला वडिलांचा पर्याय. इथे एलएल.बी. करून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतली, तरी कॅनडात ती थेट चालत नाही. पदवी आधी ‘नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन’कडे तपासणीसाठी द्यावी लागते आणि राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याची मूलतत्त्वे व व्यावसायिक नीती या कॅनेडियन विषयांत प्रावीण्य दाखवावे लागते, समिती आणखीही विषय लावू शकते. त्यानंतर संबंधित प्रांताच्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या संस्थेच्या अटी आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी असते. हा मार्ग स्वस्त आहे, आणि आधीच वकील असलेल्यांना मी बहुधा तोच सुचवते. पण ज्याने कायद्याचा अभ्यास अजून सुरूच केलेला नाही आणि ज्याला वकिली तिथेच करायची आहे, त्याने दोन देशांचे कायदे पाठोपाठ शिकावेत हे मला पटत नाही. शिवाय आर्टिकलिंगची जागा शोधताना तिथल्या लॉ स्कूलच्या विद्यार्थ्याला ज्या ओळखी सहज मिळतात, त्या बाहेरून आलेल्याला एकेक करून जोडाव्या लागतात. उलट बाजूने सांगायचे तर जेडीचे शुल्क परदेशी विद्यार्थ्याला स्थानिकांपेक्षा पुष्कळ जास्त पडते आणि बहीण तिथे राहते म्हणून त्यात सवलत मिळत नाही. वडिलांना हे मी आकड्यांसह कागदावर मांडून दाखवले. नागरिक नसलेल्याला तिथे वकील होता येत नाही, ही त्यांची समजूत मात्र जुनी निघाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नागरिकत्वाची तशी अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच ‘अँड्र्यूज’ खटल्यात रद्द केलेली आहे.

ऑन्टारियोतील लॉ स्कूलचे अर्ज ‘ओलसॅस’ या एकाच सेवेमार्फत जातात आणि त्यांची मुदत साधारणतः नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी जवळपास वर्षभर आधी संपते. त्या वर्षी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची अधिकृत एकत्रित गुणपत्रिका हातात नव्हती आणि सरावातील गुणांकही स्थिर झालेला नव्हता. मी एक वर्ष थांबायला सांगितले. त्याला ते आवडले नाही, वडिलांना आवडले. पुढच्या फेरीत त्याने ऑन्टारियो आणि अल्बर्टा मिळून तीन ठिकाणी अर्ज केले. एकाने नकार दिला, एकाने प्रतीक्षा यादीत ठेवले आणि एकाने प्रवेश देऊ केला, पण या अटीवर, की पदवी पूर्ण झाल्याचा अधिकृत पुरावा विद्यापीठाकडून थेट पोहोचावा. चिरंजीवांनी पदवी प्रमाणपत्रासाठी अर्जच केलेला नव्हता. सध्या ते काम पुण्यात सुरू आहे.