वाचकांचे प्रश्न : खंदक फुटला, आता पुरावा कुठला?

प्रश्न : आमचं भातशेत डिचोली तालुक्यात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला. सोळा दिवसांमागं पहाटे वरच्या खाणीच्या खंदकाचा बांध फुटला आणि तांबडं पाणी आमच्या दोन कुणग्यांत (भातखाचरांत) भरलं. खाणवाले म्हणतात, हा अपघात. पाऊसच तसा पडला, आणि पावसाळ्यात गोव्यातलं सगळंच पाणी तांबडं असतं. त्या पहाटे माझ्या मुलानं शीतपेयाच्या बाटलीत पाणी भरून घेतलंय, ते स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. ते कुठं तपासायला द्यावं? आणि गाळ उपसावा का? भात कुजायला लागलंय.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी बाटलीचं. मुलानं अंधारात व्हाळात उतरून ती भरली, त्यामुळं तिला नको म्हणायला मलाही जड जातंय. जपून ठेवा, पण ती न्यायालयात टिकणार नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ नमुन्याबाबत फार काटेकोर आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं खाणवाल्याला तिथल्या तिथं नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. शिवाय सोळा दिवसांत त्यातला गाळ बसला, लोखंड बाटलीच्या भिंतीला धरलं. त्या पाण्याचा आकडा आता त्या पहाटेचा नाही.

मी जन्मभर प्रयोगशाळेत असलेच नमुने तपासले, आणि यात स्वतः तोंडघशी पडलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका फुटीचं पाणी भरून आणलं. धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, तसं घातलं. पण विरघळलेलं लोखंड मोजायचं तर पाणी आधी गाळून घ्यावं लागतं, ते राहिलं. आम्लानं गाळातलंच लोखंड विरघळवलं, आकडा भरमसाट आला, मी खूश. समोरच्या तज्ज्ञानं एकच विचारलं, 'गाळलं होतं का?' अख्खा अहवाल बाजूला पडला. खाणीनं पाणी सोडलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

'सगळंच पाणी तांबडं' हे अर्धं खरं आहे. आपल्या जांभ्या मातीवरून आलेलं पाणी तांबडंच दिसणार. म्हणून रंगावर भांडू नका. खंदकाचं पाणी व्हाळाला जिथं मिळतं, त्या जागेच्या वरचं शेत आणि खालचं शेत, यांत फरक दाखवा. पाणी समुद्राला गेलं, पण गाळ तुमच्या कुणग्यात बसलाय, आणि तोच आता साक्षीदार. खोऱ्यानं वीतभर उभा काप घ्या. खाली जुनी काळपट माती, वर पिठासारखा बारीक, हाताला जड, वाळल्यावर भेगाळून कडक होणारा थर दिसेल. त्याची जाडी पट्टी लावून मोजा, पट्टीसकट फोटो काढा. वरच्या शेतातही तसाच काप घ्या. गाळात खनिज आहे का बघायला काही लोक चुंबक घेऊन येतात. आपल्याकडचं लोहखनिज बहुतांशी हेमटाइट प्रकारचं, ते चुंबकाला जेमतेम दाद देतं. चिकटलं नाही म्हणून खनिज नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता 'अपघात' हा शब्द. त्यांनी तो लेखी दिला असेल तर कागद नीट ठेवा. कलम ३१ प्रमाणं, अपघातानंही दूषित पाणी बाहेर पडलं तर जागेवरच्या प्रमुखानं मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं. किती तारखेला, किती वाजता कळवलं? माहिती अधिकारात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पहिला प्रश्न हाच घाला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. खाण खात्याकडं पाहणी अहवाल आणि पंप चालवल्याची नोंदवही मागा. पाऊस त्या रात्री खरंच अचाट होता का, हे हवामान खात्याच्या नोंदीवरून ठरेल.

बांध कसा फुटला तेही तिथल्या खुणा सांगतात. पाणी माथ्यावरून गेलं असेल तर घळ वरून खाली कापलेली असते. मग सांडवा कुठं होता, तो तुंबला होता का, हे विचारायचं. बुडातून पाझरत आलं असेल तर खाली भोक पडून वरचा भाग कोसळलेला दिसतो. ते एका रात्रीत होत नाही, आधी काही दिवस बाहेरच्या उतारावर ओल दिसते. तिथं गुरं चारणाऱ्यांना विचारा, ते रोज बघत असतात. दुरुस्तीच्या नावाखाली घळ बुजण्याआधी, सार्वजनिक रस्त्यावरून जेवढा दिसेल तेवढा फोटो घ्या. आत शिरू नका, उलट तक्रार तुमच्यावरच होते.

खंदक कुणाचा, हेही लिहून मागा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर कितीतरी खंदक भरून राहिले, मग लिलाव झाले. जुना मालक नव्याकडं बोट दाखवतो, नवा जुन्याकडं. भरपाईचा दावा पुण्याच्या हरित लवादाकडं, कारण उद्भवल्यापासून पाच वर्षांत करता येतो, पण त्याला तलाठ्याचा पंचनामा आणि विभागीय कृषी कार्यालयाचा नुकसानीचा अहवाल लागेल. ही दोन कामं याच आठवड्यात करा.

आणि गाळ? पंचनामा झाला की उपसा, भात वाचेल तेवढं वाचवा. फक्त मेरेला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून दोन हात रुंद पट्टा तसाच सोडा, चार काठ्या रोवून दोरी बांधा, आणि मुलाला सांगा तिथं नांगर नको.