नवीन एचडी टीव्हीवर फक्त सिनेमाच अडखळतो. टीव्ही परत करू की महागडी केबल घेऊ?

दोन्ही नको, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की टीव्ही 43 इंची फुल एचडी आहे, डिशवर क्रिकेट आणि बातम्या झकास दिसतात, पण स्टिकवर (टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर) सिनेमा लावला की कॅमेरा सावकाश फिरताना चित्र बारीक बारीक धक्के खातं, आणि आवाज मात्र कुठेही तुटत नाही. दुकानदार म्हणतो, महागडी केबल घ्या. आवाजाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अर्धं निदान त्यातच आहे: आवाज सलग येतो म्हणजे नेट अडत नाही.

मी अंधेरीला एडिटिंगच्या कामात आहे, त्यामुळे हा धक्का रोज डोळ्यांसमोर असतो. तो टीव्हीच्या बिघाडातून येत नाही, आकड्यांच्या हिशोबातून येतो. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी फिल्मचा वेग एकसारखा ठेवणं भाग पडलं आणि तो सेकंदाला 24 चित्रांवर स्थिरावला. आजही बहुतेक सिनेमे त्याच वेगाने चित्रित होतात. तुमची स्टिक मात्र टीव्हीला सेकंदाला 60 चित्रं पाठवते. 24 ने 60 ला पूर्ण भाग जात नाही. मग स्टिक काय करते, तर एक चित्र तीनदा दाखवते, पुढचं दोनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा दोनदा. म्हणजे एक चित्र 50 मिलिसेकंद पडद्यावर राहतं आणि पुढचं 33. माणसं बसून बोलत असतील तर हे कळतही नाही. पण कॅमेरा मरीन ड्राइव्हच्या इमारतींवरून सावकाश सरकू लागला की इमारतींच्या कडा लंगडत चालल्यासारख्या दिसतात. एक पायरी उंच, एक बुटकी असा जिना चढताना पावलाचं जे होतं, तेच इथे डोळ्याचं होतं.

मग क्रिकेट का नीट दिसतं? आपल्याकडचं टीव्ही प्रसारण 50 च्या हिशोबावर चालतं. मैदानावरचा कॅमेरा सेकंदाला 50 वेळा टिपतो, डिशचा बॉक्स 50 च पाठवतो, टीव्ही 50 च दाखवतो. चॅनेलवर सिनेमा लागतो तेव्हाही तो सहसा किंचित वेगाने, सेकंदाला 25 चित्रांनी चालवतात आणि प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं. म्हणून तोच सिनेमा डिशवर गुळगुळीत आणि स्टिकवर अडखळत दिसू शकतो. एकदा हे डोक्यात बसलं की दुकानदाराच्या केबलचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. खराब एचडीएमआय केबलने चित्र जातं, पडदा काळा होतो, ठिपके चमकतात. फक्त कॅमेरा फिरतानाच धक्का बसेल, असं केबल कधीच करत नाही.

आता उपाय. फायर टीव्ही स्टिक असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, त्यात डिस्प्ले, आणि तिथे ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू करा (फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं). अ‍ॅपल टीव्हीवर हेच ‘मॅच कंटेंट’खाली मिळतं. अँड्रॉइड टीव्हीच्या नव्या आवृत्त्यांतही फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्येच असतो. हे चालू केलं की सिनेमा सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होईल. घाबरू नका, स्टिक टीव्हीला तेव्हा सांगत असते की आता 24 घे. प्रत्येक अ‍ॅप ही सूचना पाळतंच असं नाही. जे पाळत नाही त्यातला सिनेमा टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपवर लावून बघा, पुष्कळदा तिथे हालचाल सरळ दिसते. तपासायला सर्वांत सोपी जागा म्हणजे सिनेमाच्या शेवटी वर सरकणारी नामावली. आधी ती बघा, मग सेटिंग बदला आणि पुन्हा तीच बघा.

लॅपटॉप जोडत असाल तर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो तो आकडा) 24 किंवा 23.976 वर आणा. हा दुसरा आकडा विचित्र वाटेल, पण डिस्कवरच्या आणि ओटीटीवरच्या बऱ्याच सिनेमांचा खरा वेग तोच असतो. दोन्हींत गल्लत झाली तर साधारण दर 42 सेकंदांनी एखादाच बारीक झटका बसतो, तेवढा सहन करता येतो. कोडी हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात रिफ्रेश रेट आपोआप जुळवण्याची सोय आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा टीव्ही 4के असेल आणि लॅपटॉप जुना, तर लॅपटॉप 30 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 30 चित्रांवर, अडकलाय का तेही बघा. जुन्या एचडीएमआय 1.4 वरून 4के त्याहून वेगाने जात नाही, आणि 30 वर 24 चा सिनेमा 60 पेक्षाही वाईट दिसतो, कारण दर चौथं चित्र दुप्पट वेळ थांबतं.

एवढं करूनही धक्का राहिला तर टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंग्जकडे वळा. आणि इथे मला थोडं आग्रहाने बोलायचंय. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा जुन्या मॉडेलांत ऑटो मोशन प्लस, अशा नावांखाली एक सोय असते. ती दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रं घुसवते. धक्का जातो, हे खरं. पण त्याबरोबर सिनेमाही जातो. सगळं रोजच्या मालिकेसारखं दिसायला लागतं, दिवे सपाट वाटतात, आणि हात जोरात हलला की त्याच्या कडेला चित्र फाटतं. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार एकेका दृश्याच्या हालचालीवर किती जीव टाकतात ते मी जवळून बघतो, म्हणून हे मला मनापासून खुपतं. टॉम क्रूझने 2018 च्या डिसेंबरमध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं. 2019 मध्ये काही कंपन्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ आणला, त्यात ती मुळातच बंद असते. तुमच्या टीव्हीत तो मोड असेल तर सिनेमासाठी तोच लावा, नाहीतर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड. दुकानातला भडक ‘व्हिव्हिड’ मोड मात्र घरी पहिल्याच दिवशी काढा. त्यात ही सोय बऱ्याचदा पूर्ण जोरावर असते, आणि तिचा अंदाज चुकला की ती स्वतःच नवे झटके देते.

घरात ज्येष्ठ माणसं असतील आणि उरलेल्या धक्क्याने त्यांचे डोळे दुखत असतील, तर त्याच सोयीतलं ‘जडर रिडक्शन’ किंवा ‘डी-जडर’ (जडर म्हणजे हाच धक्का) दहापैकी दोन-तीनवर ठेवा. त्यापुढे नेऊ नका.

थोडा धक्का मात्र 24 च्या चित्रीकरणातच असतो, तो थिएटरातही असतो. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक चित्रावर झडप दोन-तीनदा उघडमीट करायची, त्यामुळे पडदा लुकलुकत नसे, पण चित्रं चोवीसच. ओलेड टीव्हीवर हा मूळचा धक्का जास्त जाणवतो, कारण त्याचा पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका, क्षणात बदलतो. एलसीडीचा पिक्सेल जरा रेंगाळतो आणि धक्क्यावर पांघरूण घालतो.

पेन ड्राइव्हवरच्या फाइलचं दुखणं वेगळं. तिथे चित्र गोठतं, मग उडी मारतं, आवाज पुढे निघून जातो. टीव्हीच्या चिपला ती फाइल झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 10 बिटची एच.264 फाइल (व्हिडिओ साठवण्याचा एक प्रकार) हे नेहमीचं कारण, तिच्यापुढे बहुतेक टीव्ही हात टेकतात. ती लॅपटॉपवरून चालवा.

आणि मध्येच गोल चक्र फिरत असेल तर तो वायफायचा प्रश्न. फुल एचडीसाठी नेटफ्लिक्स 5 एमबीपीएस पुरेसं सांगतं, म्हणजे तुमचा प्लॅन कमी पडत नसणार. पण आपल्या इमारतींत एका मजल्यावर आठ-दहा राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांना ढकलत असतात. स्टिक 5 गिगाहर्ट्झवर जोडा. राउटर हॉलमध्येच असेल तर टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपसाठी सरळ लॅन केबल लावा. केबलवर पैसे खर्च करायचेच असतील तर या केबलवर करा.

परत करण्याची मुदत संपायच्या आत एवढं एक नक्की करा. डिशवरचं क्रिकेट, स्टिकवरचा सिनेमा आणि टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपवरचा सिनेमा, तिन्ही एकामागून एक बघा. तिन्हींत सारखाच झटका बसत असेल, किंवा मेनू उघडतानाही चित्र अडकत असेल, तर मात्र टीव्हीतच दोष आहे. तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि बिल घेऊन दुकान गाठा.