स्थितिज म्हणजे स्थिर नव्हे

'स्थितिज ऊर्जा म्हणजे स्थिर वस्तूची ऊर्जा का? आणि बल, शक्ती, ऊर्जा यांत खरंच फरक आहे की नुसता शब्दांचा खेळ?' असं एकांनी विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर: नाही. 'स्थिर ऊर्जा' ऐकून ऐकून कान किटले. 'स्थितिज'मधला 'ज' हा पंकज, अनुज यांतला, जन् धातूचा. स्थितीतून जन्मलेली ती स्थितिज. कोसळणारा दगड जमिनीला टेकेपर्यंत स्थितिज ऊर्जा बाळगून असतो, आणि तो स्थिर मुळीच नसतो. 'स्थिती' हा शब्दही विचार करून निवडलेला दिसतो. 'स्थान' घेतलं असतं तर मनात फक्त उंची आली असती; 'स्थिती'त ताणलेली स्प्रिंगही मावते. (आणि 'ति' ऱ्हस्वच. एकटी 'स्थिती' दीर्घ, पण समासात शिरली की ऱ्हस्व. 'स्थितीज', 'गतीज' दोन्ही चूक.)

दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात. बल लावलं जातं, ते वस्तूत साठत नाही. म्हणून 'चेंडूत केवढं बल होतं!' हे चूक. बलाच्या दिशेने वस्तू सरकली की कार्य झालं. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची ऐपत आणि शक्ती म्हणजे कार्याचा वेग. एक किलोचा दगड दोन मीटर उचलायला १९.६ ज्यूल कार्य लागतं, तेवढीच स्थितिज ऊर्जा वाढते. तो एका सेकंदात उचला नाहीतर दहा. शक्तीचे वॅट बदलतील, कार्याचे ज्यूल नाहीत.

आता गमतीचा भाग. 'एनर्जी' हा 'ऊर्जा'चाच अपभ्रंश, असं ठोकून देणारे विद्वान जागोजागी आहेत. उच्चार जवळचा दिसला की सोयरीक जुळवून मोकळे! 'एनर्जी' आली ग्रीक 'एनर्गेइया'वरून: 'एन' म्हणजे आत, 'एर्गॉन' म्हणजे काम. इंग्रजी 'वर्क' हा त्या एर्गॉनचा चुलतभाऊ. आपल्या ऊर्जेचं कूळच निराळं. यजुर्वेदाची सुरुवात 'इषे त्वोर्जे त्वा' अशी आहे. तिथे ऊर्ज् म्हणजे पोषण करणारा रस, जोम. वैदिक मासनामांत आश्विन तो 'इष' आणि कार्तिक तो 'ऊर्ज'. तौलनिक भाषाशास्त्रात ऊर्ज्‌ची सांगड घालतात ती ग्रीक 'ऑर्गे'शी, म्हणजे आवेग, क्रोध. त्याच घरातलं क्रियापद 'ऑर्गाओ', म्हणजे रसाने टरारून येणं. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगला याहून चपखल शब्द कोणता?

उलट इंग्रजीची फजिती पाहा. ॲरिस्टॉटलच्या लेखी एनर्गेइया म्हणजे प्रत्यक्षात उतरलेली क्रिया. तिच्या विरुद्ध 'दुनामिस', अंगी असलेली पण न प्रकटलेली क्षमता. लॅटिनमध्ये तिचंच 'पोटेन्शिया' झालं. स्कॉटिश अभियंता रँकिनने १८५३ मध्ये स्थितिज ऊर्जेसाठी 'पोटेन्शियल एनर्जी' असा जोडशब्द घडवला, म्हणजे व्युत्पत्तीने 'अप्रकट प्रकट'! गतीच्या ऊर्जेला तो 'ॲक्च्युअल एनर्जी' म्हणे, म्हणजे 'प्रकट प्रकट'. 'कायनेटिक' (गतिज) नंतर आलं, म्हणून ते हसं झाकलं गेलं. परिभाषा इंग्रजीतच नेमकी असते आणि मराठीत ओढूनताणून आणलेली, असं म्हणणाऱ्यांनी या जोडीवर जरूर बोलावं.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनेही 'पोटेन्शियल एनर्जी' हा शब्द दुर्दैवी ठरवला होता, पण त्याचा आक्षेप वेगळा. गती नाहीशी झाली की 'ती अप्रकट झाली' म्हणायचं, मग ऊर्जा टिकते हे सांगण्यात राहिलं काय, असा त्याचा रोख. रँकिनने १८६७ मध्ये आपल्या शब्दाची बाजू मांडली. शब्दापुरता मी हर्शेलच्या बाजूचा. भौतिकशास्त्रात मात्र त्याचा मुद्दा टिकत नाही. वस्तुमान आणि उंची ठाऊक असली की ते १९.६ ज्यूल दगड हातातून सोडण्याआधीच सांगता येतात, आणि पडताना वेग मोजला तर हिशेब जुळतो. नुसत्या नामकरणाने एवढं साधत नाही.